मोतीबिंदू आणि काचबिंदू सोबत असतील तर?

‘मोतीबिंदू पिकू दे, मग बघू’ असं ढोकीत कुणी सांगितलं तर कृपा करून ऐकू नका. पिकून फुगलेलं भिंग बुबुळाला पुढे ढकलतं, डोळ्यातल्या पाण्याच्या निचऱ्याचा कोन बंद होतो आणि दाब एकदम चढतो; हाच काचबिंदूचा झटका. डोळा लाल, डोकं ठणकतंय, उलट्या, दिव्याभोवती रंगीत कडी दिसताहेत? त्याच दिवशी लातूर किंवा धाराशिव गाठा.

कोन अरुंद असेल तर लेझरने बुबुळाच्या कडेला बारीक छिद्र पाडतात. पण जाड भिंग काढून पातळ कृत्रिम भिंग बसवलं, की कोन बराच मोकळा होतो. 2016 च्या ‘ईगल’ अभ्यासात कोन बंद होऊन दाब खूप वाढलेल्या किंवा काचबिंदू झालेल्या पन्नाशीपुढच्या रुग्णांत, मोतीबिंदू नसतानाही, भिंग काढणं छिद्रापेक्षा सरस ठरलं.

कोन उघडा असेल तर निचऱ्याच्या जाळीवर एसएलटी लेझर: टाका नाही, काही मिनिटांचं काम, मात्र परिणाम पुढे ओसरू शकतो. मोतीबिंदूच्याच छेदातून दुर्बीण घालून, पाणी तयार करणाऱ्या भागावरही लेझर देता येतो. मधुमेहाने डोळ्यात नव्या रक्तवाहिन्या उगवल्या असतील तर सहसा आधी डोळ्याच्या पडद्यावर लेझर.

काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. मोतीबिंदूच्या शिबिरात नाव नोंदवताना डोळ्याचा दाब आणि डोळ्याची नस तपासायला सांगा. शस्त्रक्रियेनंतर काचबिंदूचे थेंब स्वतःहून बंद करू नका.