शेवळं घ्या, पण काकडं आधी बघा

मृगाच्या आगेमागे कल्याण स्टेशनबाहेर शेवळांच्या जुड्या दिसायला लागतात. मुरबाड-शहापूरकडच्या ठाकूर, कातकरी बायका त्या घेऊन बसतात. भाव विचारण्याआधी मी त्यांच्या टोपलीत काकडं, म्हणजे काकडाची आंबट फळं, शोधते. ती नसतील तर पुढचं बोलणंच नको.

शेवळं म्हणजे सुरणाच्या कुळातल्या एका रानकंदाचा फुलोरा. पावसाच्या तोंडावर तो एकटाच जमिनीतून वर येतो, पान मागाहून. चवीला अप्रतिम आणि खाजरा! कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक जिभेला, घशाला टोचतात. म्हणून वरचं जांभळट आवरण सोडवायचं, आतल्या दांड्यावरचा पिवळा दाणेदार भाग काढून टाकायचा आणि उरलेलं बारीक चिरून तेलावर निवांत परतायचं. मग काकडं ठेचून, बिया काढून, त्यांच्या आंबट रसात शिजवायचं. नाइलाजाने चिंचही चालते. आमच्याकडे यात सोडे पडतात, शेजारी वाल घालतात. घाईचं काम असेल त्या दिवशी सरळ भेंडी करावी.

टाकळा त्या मानाने गरीब. फुलं यायच्या आत कोवळी पानं खुडायची, भरपूर कांदा-लसूण घालून परतायची. पण त्याच्यासारखाच दिसणारा कासविंदा शेजारी उगवतो. टाकळ्याच्या देठावर गोलसर पानांच्या तीन जोड्या असतात, कासविंद्याला त्याहून जास्त आणि पानं टोकदार. कासविंद्याच्या बिया विषारी असतात. पश्चिम उत्तर प्रदेशात त्या खाऊन लहान मुलं दगावल्याचं डॉक्टरांनी शोधून काढलं होतं. फोटोवरून झाडाचं नाव सांगणाऱ्या मोबाइल अ‍ॅपवर म्हणूनच मी भाजी शिजवत नाही. जिने ती खुडली, त्या मावशींना विचारते, ‘तुम्ही घरी कशी करता?’ उत्तरात निवडणं, उकडणं, काय टाकायचं, सगळं येतं.

औषधाचं म्हणाल, तर टाकळ्याचा पाला वाटून गजकर्णावर लावतात. त्यात बुरशी मारणारी द्रव्यं आहेतही, पण चट्टा पसरत असेल तर पाला चोळत बसू नये, डॉक्टरांना दाखवावं. भारंगी मात्र सासूबाई खोकल्यासाठी म्हणून दर पावसाळ्यात करतात. पानं उकडून कडू पाणी ओतून द्यायचं, मग वालाबरोबर परतायची. खोकल्याचं काय होतं ते त्यांना ठाऊक, भात मात्र जास्तीचा लावावा लागतो.