डाव्या हातात ड्रॉइंग, उजव्या हातात माउस

नागापूर एमआयडीसीतल्या सीएनसी शॉपमध्ये प्रोग्राम दुरुस्त होतो, तेव्हा हातांकडे पाहावं. डाव्या हातात ड्रॉइंग नाहीतर व्हर्नियर, उजवा माउसवर. स्क्रीनवर साधा मजकूर असतो, पण त्यात 'एक्स १०' पुढचं टिंब राहिलं, तर बरेच कंट्रोल त्याला १० मिलिमीटर नव्हे, १० मायक्रॉन समजतात. ते टिंब शोधायला हातातलं खाली ठेवून कीबोर्डकडे वळावं लागतं. माउसची बटणं मात्र नुसती बसून राहतात, याची मला खरोखर हळहळ वाटते.

कारण त्या बटणांत ताकद आहे. यूएसबी माउस संगणकाला जो निरोप धाडतो, त्यात प्रत्येक बटणाला एक बिट असतो : डाव्याचे १, उजव्याचे २, मधल्याचे ४. डावं-उजवं एकदम दाबलं की ३, डावं-मधलं दाबलं की ५. तीन बटणांतून सात खुणा निघतात. अर्थ लावायचं काम एडिटरचं.

तो अर्थ मनापासून लावला बेल लॅब्जच्या रॉब पाइक यांनी, १९९४ च्या सुमारास, 'ॲक्मी' या एडिटरमध्ये. मूळ प्रेरणा झुरिकच्या निकलाउस विर्थ यांच्या 'ओबेरॉन'ची. ॲक्मीत डावं बटण दाबून मजकूर निवडायचा आणि ते न सोडता मधलं दाबायचं, की मजकूर कापला जातो. लगेच उजवं दाबलं, की परत चिकटतो. प्रोग्राममधल्या 'टी०१०१' या टूलच्या कोडवर उजवं बटण दाबलं, की ते टूल पुढे जिथे येतं तिथे बाण स्वतःच जाऊन उभा राहतो. आणि मधलं बटण? ज्या शब्दावर दाबाल, तो शब्दच आज्ञा म्हणून चालतो. टिंब नसलेले आकडे हुडकणारा छोटा प्रोग्राम लिहून ठेवा, त्याचं नाव खिडकीच्या माथ्यावरच्या पट्टीत टाका. त्या नावावर एक क्लिक, की चुकलेल्या ओळींची यादी समोर. यादीत फाइलच्या नावापुढे ओळीचा क्रमांक छापला असेल, तर त्यावर उजवं बटण दाबून थेट त्या ओळीवर पोचता येतं. कीबोर्डला हात लागलेला नाही.

डग्लस एंगलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ ला सॅन फ्रान्सिस्कोत माउस दाखवला, तेव्हा त्यांच्या डाव्या हाताखाली पाच पट्ट्यांचा वेगळा संच होता. शॉपमध्ये डावा हात मोकळा नसतो, म्हणून हे सगळं उजव्यावरच आणायला हवं. विम आणि ईमॅक्स या एडिटरांमध्ये अंगठ्याजवळच्या बटणांनाही हवी ती आज्ञा जोडता येते. तिथे 'पुढचं टूल' जोडा, 'मागचं टूल' जोडा. 'सेव्ह' तेवढं नको : व्हर्नियर टेबलावर ठेवताना माउसला धक्का लागतो, आणि अर्धवट बदललेला प्रोग्राम तसाच मशिनवर चढायचा.