सीम कार्व्हिंग
संगणकीय प्रतिमेतील महत्त्वाचा आशय शक्यतो न बिघडविता तिची रुंदी वा उंची बदलण्याची पद्धती. शाय ॲव्हिडन व एरिअल शमीर यांनी ती २००७ मध्ये मांडली. प्रतिमा एकाच दिशेने आवळल्यास माणसे कृश दिसतात. कडा कापल्यास तेथील वस्तू नाहीशा होतात. हे दोष टाळण्यासाठी या पद्धतीत आकाश, वाळू यांसारख्या कमी तपशिलाच्या भागांतील चित्रबिंदू (पिक्सेल) वगळतात.

प्रथम प्रत्येक चित्रबिंदूची ‘ऊर्जा’ काढतात. शेजारच्या बिंदूंहून त्याच्या तेजात जितका फरक अधिक, तितकी ऊर्जा अधिक. नंतर वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत, प्रत्येक ओळीतील एकच बिंदू घेणारा व पुढील ओळीत फार तर एका बिंदूने बाजूस सरकणारा, किमान एकूण ऊर्जेचा मार्ग शोधतात. यास शिवण म्हणतात. एखाद्या बिंदूपर्यंतची किमान बेरीज म्हणजे त्याची स्वतःची ऊर्जा अधिक वरच्या तीन बिंदूंपर्यंतच्या बेरजांपैकी सर्वांत लहान बेरीज होय. उदा., त्या बेरजा ५, ३ व ७ आणि स्वतःची ऊर्जा २ असल्यास उत्तर ५ येते. एक शिवण काढल्यावर रुंदी १ चित्रबिंदूने घटते. ही क्रिया पुनःपुन्हा करतात. आडव्या शिवणी काढल्यास उंची घटते. रुंदी वाढविण्यासाठी शिवणींलगत नवे बिंदू घालतात.

चेहरे व सरळ रेषा यांत विकृती येऊ शकते. म्हणून असे भाग आधीच राखून ठेवतात. या पद्धतीने नको असलेली व्यक्तीही चित्रातून वगळता येते. शिवाय वस्तूंमधील अंतरे मूळची राहत नाहीत. त्यामुळे अशी प्रतिमा पाहण्यास सुबक असली, तरी मोजमापासाठी वा पुरावा म्हणून ती विश्वसनीय ठरत नाही.