फुकटचं म्हणून कच्चं नव्हे
दरमहा विक्री किंवा बाजारभाव यांचा कल शोधायला महागडं सॉफ्टवेअर लागतंच असं नाही. ऑकलंड विद्यापीठात जन्मलेलं 'आर' मोफत आहे आणि त्यात १९४९ ते १९६० मधल्या विमानप्रवाशांची मासिक आकडेवारी सरावाला आयतीच मिळते. प्रवासी वाढतात तशी हंगामी उसळीही मोठी होत जाते, म्हणून आधी आकड्यांचे लॉग घ्यायचे. मग 'एसटीएल' ही आज्ञा दिली की वाढता कल, दरवर्षीची जुलै-ऑगस्टची गर्दी आणि उरलेले किरकोळ चढउतार वेगवेगळे दिसतात. फुकटचं ते बेभरवशाचं, असं म्हणणाऱ्यांनी अमेरिकेच्या जनगणना खात्याकडे पाहावं. हंगामी परिणाम वजा करणारं आपलं 'एक्स-१३' ते मोफतच देतं. आज्ञा टाइप करण्याचा जाच हा आक्षेप मात्र रास्त. त्यासाठी मेनूवर चालणारं, तेही मोफत, 'ग्रेटल' आहे. अंदाज बांधायची 'अरिमा' पद्धत त्यातही मिळते.