उत्सवाची दवंडी पिटणारी पितळी नाणी

रोमचा सम्राट डोमिशियन चौथऱ्यावर बसला आहे. समोर उभा असलेला नागरिक त्याच्या हातून काहीतरी घेतो आहे, सोबत एक पोर आहे. चौथऱ्यावर बारीक अक्षरे आहेत, त्यांचा अर्थ: लोकांना शुद्धीद्रव्ये दिली. ही द्रव्ये म्हणजे मशाली, गंधक आणि डांबर. एवढे सगळे इ. स. 88 च्या, जेमतेम 25 ग्रॅमच्या सेस्टर्शियस नाण्यावर.

हा सोहळा म्हणजे ‘लुडी सेक्युलारेस’, युगातून एकदा व्हायचा रोमन उत्सव. ऑगस्टसने इ. स. पूर्व 17 मध्ये तो केला, तेव्हा एका युगाला 110 वर्षे असा हिशेब धरला होता. क्लॉडियसने दुसरा हिशेब मांडून इ. स. 47 मध्ये तो पुन्हा उरकला. ‘कोणी पाहिला नाही आणि पुन्हा पाहणार नाही असा सोहळा’ अशी दवंडी पिटली गेली. पण आधीचा पाहिलेले म्हातारे अजून हयात होते, त्यामुळे लोक हसले, असे रोमन चरित्रकार स्वेटोनियस सांगतो. मग डोमिशियनने 41 वर्षांतच पुढचा केला. आपला सिंहस्थ गुरूच्या चालीने येतो. हा सम्राटाच्या मर्जीने!

संग्राहक या नाण्यांना सरसकट कांस्य म्हणतात, पण सेस्टर्शियस पितळेचे आणि धाकटे ‘अस’ तांब्याचे. पितळ करणे सोपे नव्हते. जस्त 907 अंशांनाच वाफ होऊन उडते, तांबे मात्र 1085 अंशांना वितळते. म्हणून तांब्याचे तुकडे, जस्ताचे खनिज आणि कोळसा मुशीत बंद करून तापवत. वाफ तांब्यात मुरे. जुनी नाणी पुन्हा वितळवली की दरवेळी थोडे जस्त उडून जाई. त्यामुळे जस्ताच्या प्रमाणावरून टांकसाळीची ओढाताण ओळखता येते. मात्र क्ष-किरणांची तपासणी वरवरचाच थर वाचते. गंजताना तिथले जस्त निघून जाते आणि आकडा फसवतो. नाणे न कापता आतला धातू पाहायला न्यूट्रॉन कामी येतात.

रोमचे सोने-चांदी भारतात मुबलक आले, पण पितळी चिल्लर त्या काळात फारशी आली नाही. साम्राज्याबाहेर तिची किंमत धातूपुरतीच. इथे सातवाहनांची शिशाची, तांब्याची आणि पोटीन या मिश्रधातूची चिल्लर होतीच. धाराशिवजवळच्या तेरला तर रोमन नाण्यांच्या मातीच्या नकला सापडल्या आहेत, गळ्यात घालण्याजोग्या. आणि रोमने सोहळा नाण्यावर नोंदवला, तसे सातवाहनांच्या सोहळ्यांचे, म्हणजे यज्ञांचे काय? त्यांची नोंद नाणेघाटातल्या लेण्याच्या भिंतीवर आहे: कोणत्या यज्ञाला किती गाई, किती घोडे, किती हत्ती आणि किती कार्षापण दक्षिणा दिली, त्याचा खर्चच मांडलेला.