प्रवाहशास्त्रातील संशोधक : काही रूढ समज

जलगतिशास्त्रात किंवा प्रवाहांच्या संगणकीय प्रतिरूपणात संशोधनाची जागा शोधणाऱ्या तरुणांत, आणि त्यांच्याहूनही अधिक त्यांच्या पालकांत, असा एक समज दृढमूल आहे की हा प्रांत यंत्र-अभियंत्यांच्या वहिवाटीचा असून गणिताच्या किंवा भौतिकशास्त्राच्या पदवीधराला तेथे शिरकाव नाही. वस्तुतः जॉर्ज बॅचलर यांनी, ज्यांनी १९५६ साली या शास्त्राचे आजही अग्रगण्य गणले जाणारे नियतकालिक सुरू केले, १९५९ साली केंब्रिजला जो विभाग उभारला तो उपयोजित गणित आणि सैद्धांतिक भौतिकीचा होता. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत मोसमी पावसाच्या प्रतिमानांवर काम करावयासही या विषयांची पदव्युत्तर पदवी चालते.

दुसरा समज असा की, एखादी आज्ञावली हाताळता आली म्हणजे पात्रता सिद्ध झाली. 'ओपनफोम'सारखी आज्ञावली २००४ पासून सर्वांना मुक्तद्वार आहे. ती चालविणाऱ्यांची वाण नाही, आणि आकडे चुकीचे भरले तरी ती रंगीत चित्र काढून देतेच. म्हणून जाणता परीक्षक मुलाखतीत चित्राकडे फारसे न पाहता एवढेच विचारतो की, गणनेच्या जाळ्यातील घरे निम्म्या आकाराची केल्यावर उत्तर किती सरकले? तिन्ही दिशांनी घरे निम्मी केली की त्यांची संख्या आठपट होते, आणि कालाचा टप्पाही बहुधा निम्मा करावा लागत असल्याने श्रम सोळापट होतात. हा खर्च सोसून ज्याने उत्तराची खातरजमा केली नाही, त्याची बाजू तेथेच लंगडी पडते.

संगणक आल्यामुळे पाण्याच्या प्रयोगशाळा मोडीत निघाल्या, हा समज मात्र सुशिक्षितांतही आढळतो, याचे मला नवल वाटते. १९१६ साली मुंबई इलाखा सरकारने स्थापिलेली आणि आज खडकवासल्यास असलेली केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था धरणांच्या, नद्यांच्या व बंदरांच्या प्रतिकृतींवर अद्यापि काम करते. एकास शंभर या प्रमाणाच्या प्रतिकृतीत गुरुत्वाचा नियम सांभाळला असता वेग आणि काल दहापट घटतात, म्हणजे सुमारे साडेबारा तासांचे भरती-ओहोटीचे आवर्तन सव्वा तासात उरकते, आणि प्रवाह एक लक्षांश होऊन लाख क्युसेकचा पूर एका क्युसेकवर येतो. पाण्याचा चिकटपणा मात्र या हिशेबाने घटत नाही. त्यामुळे लहानशा प्रतिकृतीतील घर्षण प्रत्यक्ष नदीच्या घर्षणाहून निराळे वागते. तेथे संगणकीय गणना मदतीस येते, आणि त्या गणनेचा कस पुन्हा प्रतिकृतीतील मापनांवर लावला जातो. दोन्हींत गती असणाऱ्या उमेदवाराला म्हणूनच मागणी असते.

वेतनाविषयी थोडेच सांगणे पुरे. राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून मिळणाऱ्या कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीपोटी १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे वरिष्ठ झाल्यावर ४२,००० रुपये मुक्रर आहेत, घरभाडे वेगळे. पीएच.डी.नंतरची जागा ही कायम नोकरीची पहिली पायरी होय, असे मानणाऱ्याने नेमणुकीचा कागद नीट वाचावा. ती जागा बहुधा एखाद्या प्रकल्पाच्या निधीवर आणि ठराविक मुदतीची असते, आणि "मुदतवाढ संभवनीय" असे जाहिरातीत छापलेले असले तरी ती निधी शिल्लक असेल तरच मिळते. तेव्हा तो निधी कोणत्या सालापर्यंत मंजूर आहे, हे रुजू होण्यापूर्वी प्रकल्पप्रमुखांस पत्राने विचारून घेण्यात मुळीच अनौचित्य नाही.