ऊन दिसते, अतिनील दिसत नाही



मालवणच्या किनाऱ्यावर नायलॉनचे जाळे महिनोन्महिने उघड्यावर पडले, की त्याचे सूत कमजोर होते आणि ओढताच तुटते. हे काम उन्हातल्या अतिनील किरणांचे. जुन्या पुस्तकांत त्यांना जंबुपार म्हटले आहे. जांभळ्या रंगापलीकडचे हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत. रिटर या जर्मन शास्त्रज्ञाने ते १८०१ साली शोधले.

वातावरणातील ओझोन त्यातले सर्वांत घातक किरण अडवतो. उरलेल्यांमुळे कातडीत ड जीवनसत्त्व तयार होते. पण अति झाले तर कातडी भाजते, मोतीबिंदूचा धोका वाढतो. पातळ ढगांतूनही हे किरण उतरतात. तेव्हा भांगलणीला जाताना डोक्याला रुंद कडेची टोपी हवीच.

आता आपल्या उसाचे. ठिबकची नळी काळी का? तिच्यात मिसळलेली काजळी हे किरण शोषते, म्हणून प्लॅस्टिक टिकते. ऊतिसंवर्धन प्रयोगशाळेत याच किरणांच्या दिव्याने कामाची जागा निर्जंतुक करतात. माणूस बसण्यापूर्वी दिवा बंद करतात.

पण जे किरण रोगजंतू मारतात, ते उपकारी बुरशीलाही सोडत नाहीत. हुमणीसाठी मेटारायझियम आपण पैसे मोजून आणायचे आणि भर दुपारी सरीत उघडे टाकायचे, म्हणजे बुरशी उन्हात मरते नि हुमणी मातीत खुशाल राहते! म्हणून वैभववाडी-कणकवलीकडच्या ऊसकरी बंधूंना आमचे सांगणे: बुरशी ओलसर, कुजलेल्या शेणखतात मिसळा, संध्याकाळी टाका, लगेच मातीआड करा. पुडेही सावलीतच ठेवा.